उशिराची रेघ

"चालू कर," तो म्हणाला.

तिने मिक्सरचं बटण फिरवलं. भांड्यात काहीच नव्हतं. रिकामं पातं घरघरायला लागलं तसा तो ओट्याशी सरकला आणि खिशातून एक पांढरी पट्टी काढून त्याने तिच्या नाकासमोर धरली.

"बघ. एकच रेघ."

"कुणाची?"

"माझी."

मिक्सर गिऱ्हाइकाचा होता. दुरुस्त होऊन कधीचा पडला होता. गिऱ्हाईक फोन करकरून दमलं होतं, पण इलेक्ट्रिशियनसाहेब तो परत द्यायला तयार नव्हते. एका खोलीचं घर. पडद्यापलीकडे त्याची आई. गुडघे गेलेले, कान मात्र शाबूत. नवराबायकोला मनातलं बोलायचं तर घरात एवढं एकच यंत्र कामाचं होतं. म्हातारीला वाटायचं, सून भलतीच कामसू, सारखं काही ना काही वाटत असते.

"माझ्या डब्यातलं किट घेतलंत?"

"त्यात तुझं-माझं काय? हिरडीवरून काडी फिरवली, नळीत बुडवली, चहा पीत थांबलो. एक रेघ. एक म्हणजे नाही, दोन म्हणजे आहे, असंच ना? गेला तो. सुटलो मी."

"आणि गोळ्या?"

"गोळ्या कशाला आता? त्याच दिवशी बंद केल्या. आठवडा झाला. बघ, काय झालंय मला?"

तिने मिक्सर बंद केला नाही.

एचआयव्ही हे नाव त्या घरात कुणी घेत नसे. तो त्याच्या रक्तात लग्नाआधीपासून होता, कळला लग्नानंतर. कुठून आला हे तिने एकदाच विचारलं, त्याने खरं ते सांगितलं. पुढचं त्या दोघांचं. तिसऱ्याला तिथे जागा नाही. म्हातारीला सांगितलं, रक्तवाढीच्या गोळ्या आहेत. रोजची गोळी घेऊन गडी खडखडीत राहिला. शिड्या चढला, भिंती फोडल्या, वायरी ओढल्या. डॉक्टर म्हणाले, रोग इतका दबलाय की तपासणीत सापडत नाही. गोळी चुकवू नका, बायकोला लागणार नाही, मूलही होईल. पण याला मूल हवं होतं ते बिनगोळीच्या माणसाचं. गोळी गिळून बाप व्हायला त्याचा जीव तयार नव्हता.

तिला स्वतःला मात्र अधूनमधून तपासून घ्यावं लागायचं. सरकारी दवाखान्यात शिपाई दारात उभा राहून ओरडायचा, "एड्सवाले डावीकडे." लाज त्याला वाटायला हवी होती, वाटायची हिला. ती हॉटेलच्या लाँड्रीत कामाला. मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही, समोरचं टोक धरायला दुसरी लागते. त्या रांगेत कुणी पाहिलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून समोरचं टोक धरायला कुणी आलं नसतं. म्हणून दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी तिला किट दिलं. घरी कर, गपचूप. न्हाणीघराची कडी लावून तिने पहिल्यांदा तपासलं. स्वतःच्या शरीराची बातमी जन्मात प्रथमच तिला सगळ्यांच्या आधी कळली. शिपाई नाही, रांग नाही. एक रेघ. ती तिथेच पाटावर बसून हसली होती.

फक्त एक चूक झाली. पट्टी फेकायची सोडून तिने साबणाच्या डब्यामागे लपवली. दुसऱ्या दिवशी पाहते तो शेजारी दुसरी रेघ, धुरकट, करडी. चपला न घालता ती ताईंकडे पळाली होती. रक्त तपासलं, काही नव्हतं. ताई रागावल्या, "वेळ टळल्यावर उमटते ती रेघ नव्हे, डाग असतो. पट्टी वाळली की येतो कधीकधी. वेळेत बघायचं आणि फेकून द्यायचं."

ताईंनी दिलेलं तसलंच पुढचं किट आता तिच्या डब्यातून त्याच्या हाती गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून ती परस्पर ताईंकडे गेली. ऐकता ऐकता ताईंनी कपाळाला हात लावला.

"अगं, ती पट्टी रोग शोधतच नाही. रोगाशी लढायला शरीर जी फौज उभी करतं, ती शोधते. औषधानं शत्रू इतकी वर्षं दाबून ठेवला की फौजही विरळ होते. मग पट्टी म्हणते, इथं कुणी नाही. औषध चालू असलेल्यांनी ती वापरायचीच नसते. पत्रकात लिहिलंय की."

"मुंग्यांएवढ्या अक्षरात लिहिलंय."

"घेऊन ये त्यांना. रक्त तपासू."

"नाही येणार."

"मग गोळ्या सुरू होऊन रक्त तपासेपर्यंत जवळ जाऊ नकोस. गेलीस आणि लागण झाली, तर तुझी पट्टीही तीन महिने गप्प बसू शकते. नव्या लागणीची खबर तिला लवकर लागत नाही."

पट्टी बनवणाऱ्यांनी पुण्याचं काम केलं, यात वाद नाही. शिपायाच्या तोंडाला तरी कुलूप बसलं. पण उत्तर घरपोच द्यायचं आणि अर्थ सांगायला उंबऱ्यापर्यंतही कुणी यायचं नाही, हा कुठला न्याय? शिकलेल्यांनी पत्रक छापलं आणि हात झटकले. वाचणारा शहाणा, न वाचणारा आपल्या मरणाने मेला.

रविवारी दुपारी म्हातारी शेजारी टीव्ही बघायला गेली. त्याने दाराला कडी लावली आणि तिचा हात धरला.

"निरोधचं पाकीट?" तिने विचारलं.

"त्याची काय गरज आता?"

तिने हात सोडवून घेतला. "तुम्हीच मला शिकवलंत ना? बल्ब बदलताना म्हणाला होतात, टेस्टर पेटला नाही म्हणून वायरीला हात लावू नकोस. टेस्टरच मेलेला असला तर?"

"मी वायर आहे का?"

"ताई म्हणतात..."

"ताई गेली खड्ड्यात. तिचा पगार चालतो माझ्या आजारावर. आणि तुला? तुलाही मी आजारीच बरा. आजारी नवरा कुठं जात नाही, आवाज चढवत नाही, उपकाराखाली राहतो."

"असं बोलू नका."

"इतकी वर्षं रोज सकाळी ती गोळी मला सांगायची, तू सडका आहेस. चूळ भरायच्या आधी. आता आठवडाभर मी उठतोय आणि कुणी काही सांगत नाहीये. हे तुला बघवत नाही."

त्याचं खोटं नव्हतं, हीच तर अडचण. तिने वळकटी उचलली आणि पडद्यापलीकडे सासूच्या खाटेशेजारी टाकली.

"भांडलात का गं?" म्हातारीने परत आल्यावर विचारलं. "आता कुठं माझं पोर माणसात आलंय. गोळ्या सुटल्या, तोंडावर तेज आलं. आणि तू इकडं येऊन पड. म्हणजे मला नातू आभाळातून पडणार."

पुढचे दिवस मिक्सर कोपऱ्यात धूळ खात राहिला. रोज सकाळी ती गोळीची बाटली त्याच्या कपाशेजारी ठेवायची, रोज तो ती बोटाने बाजूला सारून चहा प्यायचा. लाँड्रीत तिच्या हातून चादरींची टोकं सुटायला लागली. समोरची म्हणाली, "बाई, झोप घरी काढून येत जा."

मग एका सकाळी तो कामावर निघाला आणि टेस्टर सापडेना. त्याने अवजारांची पिशवी जमिनीवर उपडी केली. पक्कड, पेचकस, काळी चिकटपट्टी, आणि त्यात ती पट्टी. जपून ठेवली होती त्याने. शाळेतली पोरं बक्षिसाचा बिल्ला ठेवतात तशी.

तो उकिडवा बसला तो बसूनच राहिला.

"इकडं ये," तो म्हणाला. मिक्सर लाव म्हणाला नाही.

ती वाकली. पहिल्या रेघेशेजारी दुसरी होती. धुरकट, करडी. तिने एका नजरेत ओळखली. साबणाच्या डब्यामागची. डाग.

"परत आला," तो म्हणाला. "गोळ्या सोडल्या म्हणून. आला ना परत?"

डाग आहे, एवढं एक वाक्य. तिच्या ओठांपर्यंत आलं. पहिली रेघ खोटं बोलली होती, ही त्याहून खोटी होती. पण तो ऐकत होता फक्त पट्टीचं.

ती उठली. बाटली उघडून गोळी त्याच्या तळहातावर ठेवली, पेला भरून पुढे केला.

"आज काम राहू द्या. ताईंकडं जाऊ. मी पण सुट्टी टाकते."

त्याने मान हलवली. गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला. पेला परत देताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"पण मधे गेला होता ना गं? थोडे दिवस तरी?"

"हो," ती म्हणाली.

"काय झालं रे?" पडद्यामागून म्हातारीने विचारलं. "काय गेलं, काय आलं?"

तो उठला, कोपऱ्यातला मिक्सर ओट्यावर आणला, पीन लावली आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. रिकामं भांडं थरथरायला लागलं, तशी ती पुढे झाली आणि आत काही वाटायला घातल्यासारखा झाकणावर हात दाबून धरला.