न वाचता गाजलेला

मित्रांनो, मी एक जुना शोधनिबंध आहे. निबंध म्हटल्यावर तुमच्या पोटात गोळा आला असेल, तर घाबरू नका. माझ्यात पाठ करण्यासारखं काही नाही. नऊ पानं, दोन तक्ते आणि बरेचसे जुलाब, एवढाच माझा ऐवज.

मला लिहिणाऱ्या बाई सार्वजनिक आरोग्याच्या संशोधक. शाळेतल्या पाण्याने मुलं आजारी का पडतात, हे शोधायला त्या वर्षभर पिंपांत डोकावत फिरल्या. माझं म्हणणं साधं होतं. पिंपाला झाकण लावलं की जुलाब कमी होतात. पण पिंपाला तोटी असेल तरच. मुलं आत हात बुडवून पेला भरत असतील, तर झाकण नुसतं शोभेचं. यातलं झाकण माझ्या सारांशात, अगदी वरच आलं. तोटी मात्र सातव्या पानावर राहिली.

आमच्या जगात मोठेपणा मोजायची एक रीत आहे. दुसऱ्या निबंधाने शेवटच्या पानावर तुमचं नाव छापलं, की तुम्हाला एक संदर्भ मिळाला. संदर्भ जितके जास्त, तितकी लेखकाची मान ताठ. नाव छापण्याआधी तुम्हाला वाचायचं असतं म्हणे. तसं करताना मी कुणाला पाहिलं नाही.

एका घाईतल्या गृहस्थांनी माझा सारांश चाळला आणि लिहिलं, 'झाकणाने जुलाब थांबतात.' पुढच्याने मला न उघडता त्यांचं वाक्य उचललं, तिसऱ्याने दुसऱ्याचं. उचलली जीभ, लावली टाळ्याला! मेंढ्यांच्या दातांवरच्या एका निबंधातही मी आहे. मेंढीला झाकण कुठे लावलं, ते मला विचारू नका. एकाने चुकून माझं साल एक वर्ष आधीचं लिहिलं, बाकीच्यांनी तेच उतरवलं, आणि मला एक मोठा भाऊ झाला. तो कधी लिहिलाच गेलेला नाही. त्याला माझ्यापेक्षा जास्त संदर्भ आहेत.

बाईंना हे सगळं सुरुवातीलाच कळलं होतं. "दुरुस्ती पाठवायला हवी," असं त्या पुटपुटल्याही. पण संगणकावरचा संदर्भांचा आकडा वाढत होता. रोज सकाळी चहाआधी त्या तो बघायच्या आणि म्हणायच्या, "पाठवू सावकाश." तोवर माझी छापील प्रत विभागातल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली गेली होती. वर पडद्यावर माझी कीर्ती, खाली माझ्या पाठीवर टेबल. मला लाज वाटायची. आकडा वाढला की गुदगुल्याही व्हायच्या. मग त्या गुदगुल्यांची जास्त लाज वाटायची.

पुढे माझ्या नावावर शाळांना नवी पिंपं वाटली गेली. झाकणाला कडीसुद्धा होती. तोटी नव्हती.

बाईंची विभागप्रमुखपदाची मुलाखत होती, त्याच सकाळी त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

"छोटे, माझ्या चिमीला सलाईन लावलंय गं. तिच्या वर्गातली निम्मी पोरं जुलाबाने आडवी झालीत."

"अगं ताई! शाळेत पाणी कुठलं पितात?"

"तुझ्याच पिंपातलं की! तुझं वाक्य रंगवलंय त्याच्यावर. मी मेली चारचौघींत मिरवत होते."

"ते वाक्य माझं नाही, ताई."

"मग इतकी वर्षं तोंडाला कुलूप का लावलं होतंस?"

उत्तर बाईंसमोर पडद्यावर होतं, आणि तेवढ्यात ते आणखी एका संदर्भाने वाढलं.

मुलाखत माझ्या पाठीवरच्याच टेबलाशी झाली. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमचा झाकणाचा निबंध म्हणजे मैलाचा दगड!"

"तुम्ही वाचलाय, सर?"

"वाचायचं काय त्यात? सगळ्यांना माहीतच आहे."

बाईंनी वाकून मला ओढून काढलं. टेबल कलंडलं आणि अध्यक्षांचा चहा अध्यक्षांवर गेला. बाईंनी सातवं पान मोठ्याने वाचलं. "लोक चुकीचं सांगतायत, हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आकडा छान दिसत होता, म्हणून मी गप्प बसले. माझी भाची दवाखान्यात आहे."

अध्यक्ष विजार पुसत म्हणाले, "अहो, पण हे आपल्यातच राहू द्या ना."

राहिलं नाही. दुरुस्ती छापून आली. तिला आजवर एकही संदर्भ मिळालेला नाही. पद दुसऱ्याला गेलं. चिमी बरी होऊन घरी आली, पण ताई बरेच दिवस बाईंशी तुटक बोलत होती. आता बाई सुट्टीच्या दिवशी प्लंबरला घेऊन शाळाशाळांतून फिरतात आणि पिंपांना तोट्या बसवतात. मी त्यांच्या पिशवीत असतो.

चिमीच्या शाळेत काम चाललं होतं, तेव्हा तिने मला बाहेर काढलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. दुसऱ्याच ओळीला थांबली. "मावशी, हे मला कळत नाही."

मला वाचताना कुणीतरी अडखळलं होतं. इतका मान मला कधी मिळाला नव्हता, आणि तो देणारी होती सलाईनवरून उठलेली पोर. कुठे तोंड लपवू, असं झालं मला.

मित्रांनो, कुणाचं नाव घेण्याआधी त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐका. आणि तुमचं खोटं कौतुक होत असेल, तर ते तिथल्या तिथे थांबवा. नाहीतर ते कुणाच्या तरी लेकराला प्यावं लागतं.