डिप्टीच्या अंगावरचे केस

बबनरावांचा माणसांवर विश्वास नव्हता असं म्हटलं तर ते अर्धवट होईल. त्यांचा दुधावर, दूधवाल्यावर आणि दूधवाल्याच्या म्हशीवरही विश्वास नव्हता. पुलगाव स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं हॉटेल होतं. गल्ल्यावर बसून ते येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे असे बघत, की नवखा माणूस आधी स्वतःचेच खिसे चाचपून पाही.

फक्त एका गोष्टीबद्दल त्यांच्या मनात संशय नव्हता, आणि ती त्यांनी गल्ल्यासमोरच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवून घेतली होती : 'येथील मिठाई फक्त शुद्ध तुपात तळली जाते.' लोणी नाचणगावचं यायचं आणि ते कढवायच्या त्यांच्या पत्नी, देवकाबाई. त्या दिवसांत वनस्पती तुपाचे डबे गावोगाव पोचले होते. समोरच्या हॉटेलात मोतीलाल राजरोस डब्यातलं वनस्पती वापरत असे. त्याने पाटी लावलेली नव्हती, त्यामुळे त्याला कोणी काही विचारतही नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास बबनरावांच्या हॉटेलात एक कुत्रा आला. भटका असता तर प्रश्न काठीने सुटला असता. पण हा साखळीला बांधलेला होता आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला वासुदेवराव होते. वासुदेवराव वर्ध्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतून नुकतेच रिटायर होऊन पुलगावात राहायला आले होते. उभी नोकरी साहेबासमोर उभं राहण्यात गेली, म्हणून त्यांनी कुत्र्याचं नाव 'डिप्टी' ठेवलं होतं. "बस, डिप्टी," म्हटलं की तो खाली बसे. ते पाहताना वासुदेवरावांच्या चेहऱ्यावर जे समाधान येई, ते पेन्शन घेतानाही येत नसे.

"कुत्रं बाहीर बांधा जी," बबनराव म्हणाले.

"डिप्टी बाहेर बसत नाही. तो बाहेर, तर मीही बाहेर."

माणूस रिटायर झालेला असला तरी कचेरीचा होता. हॉटेलाचा परवाना उद्या कोणत्या टेबलावर अडेल, आणि त्या टेबलामागचा बाबू कोणाला वाकून नमस्कार करत असेल, काय सांगावं? बबनरावांनी मुकाट्याने कोपऱ्यातला बाक दाखवला.

पलीकडच्या बाकावर अण्णाजी मास्तर आलूबोंडा खात बसले होते. हे हॉटेलाचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. डोक्यावर औषधालाही केस नाही. ते म्हणाले, "काऊन बबनराव, आता कुत्र्याच्या पंगतीले बसवता काय आमाले?"

"पंगत कायची आली त्यात? तो खाली बसन, तुमी वर बसा."

अण्णाजींना वर बसण्याचा मान पुरेसा वाटला, आणि डिप्टीचा प्रवेश कायम झाला.

तेव्हा डिप्टीचं अंग जुन्या पायपुसण्यासारखं होतं. वासुदेवराव रोज सकाळी बालुशाही मागवत. अर्धी स्वतः खात, अर्धी डिप्टीला देत. थंडी पडली तसा डिप्टी भरत गेला. संक्रांतीपर्यंत त्याच्या अंगावर असे दाट, तुकतुकीत केस आले, की पोळ्याला सजवलेल्या बैलाने मान खाली घालावी. बबनराव गल्ल्यावरून कौतुकाने बघत. जनावर आपल्या अन्नावर पोसलं, असं त्यांना वाटे. संशयी माणसाने एकदाच कुठे बेसावध राहावं, ते हे असं.

एके सकाळी मोतीलाल रस्ता ओलांडून चहाला आला. स्वतःच्या हॉटेलात चहा असताना हा इथे काऊन आला, हे बबनरावांच्या मनात आलंच. मोतीलालने डिप्टीच्या पाठीवरून हात फिरवला.

"वा वा! क्या बाल है! काय चारता जी वासुदेवराव याले?"

"वेगळं काही नाही," वासुदेवराव अभिमानाने म्हणाले. "बबनरावांची बालुशाही. रोज."

"रोज?"

"एक दिवस चुकत नाही."

मोतीलालने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा डिप्टीकडे पाहिलं. चहा पिऊन गेला.

पण हॉटेलातल्या सगळ्या माना बाकाखाली वळल्या. तूप खाल्लं की कुत्र्याचे केस झडतात, हे त्या मुलखात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. प्रत्यक्ष कोणी पाहिलेलं नव्हतं, कारण कुत्र्याला घालण्याइतकं तूप कोणाच्या घरी उरतच नसे. तरी न पाहिलेल्या गोष्टीवर माणसाची जितकी श्रद्धा असते, तितकी पाहिलेल्यावर नसते. आणि इथे तर साक्षात पुरावा बाकाखाली शेपूट हलवत होता.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं बालुशाही तोंडात घालण्याआधी नाकाशी नेऊ लागली. कोणी चिमटीत चोळून बोटं उन्हात धरून पाही. अण्णाजी बबनरावांच्या बाजूने उठले. टोपी काढून म्हणाले, "माह्याकडं पाहा. इतकी वर्सं इथंच खाऊन राह्यलो. शुद्ध तूप नसतं, तं हे डोकं असं झालं असतं काय?"

लोकांनी डोकं नीट पाहिलं. पण मास्तर म्हणजे कुत्रा नव्हे, असं ठरलं आणि ती साक्ष बाद झाली.

बबनरावांनी मग स्वतः तपास सुरू केला. नाचणगावच्या लोणीवाल्याला त्यांनी इतके उलटसुलट प्रश्न विचारले, की तो लोणी तिथेच ठेवून निघून गेला. शेवटी ते घरात आले आणि चुलीपाशी बसलेल्या देवकाबाईंकडे बघत राहिले.

"काय पाहून राह्यले?" देवकाबाईंनी विचारलं.

"लोणी तूच कढवतं न?"

"नाई, डिप्टी येते कढवाले." देवकाबाईंनी कढई खाली ठेवली. "तुमाले माह्यावर शक हाये?"

"शक नाई व. इचारून राह्यलो."

"मंग त्या कुत्र्यालेच इचारा. लोकं त्याचंच ऐकतात."

बबनरावांना ते पटलं. त्यांनी भर हॉटेलात डिप्टीपुढे घरच्या रवाळ तुपाची वाटी ठेवली. गाव जमलं. डिप्टीने वाटी चाटून पुसून लख्ख केली. रोज एक वाटी सुरू झाली, आणि रोज सकाळी चार माणसं वाकून त्याची पाठ तपासू लागली. डिप्टी आणखीच चमकायला लागला. वासुदेवरावांच्या आयुष्यात इतके सुखाचे दिवस कधी आले नव्हते.

शेवटी प्रभाकररावांचा निरोप आला. प्रभाकरराव कापसाचे मोठे व्यापारी. ज्येष्ठात त्यांच्या मुलीचं लग्न होतं, आणि पंगतीचे बुंदीचे लाडू बबनरावांकडून, हे वर्षापूर्वीच बोलून ठेवलेलं. आता लाडू मोतीलाल करणार होता. बबनराव धावत त्यांच्या पेढीवर गेले.

"अवो, पण मोतीलाल तं वनस्पती वापरते!"

"ते तं साऱ्या गावाले माहीत हाये," प्रभाकरराव शांतपणे म्हणाले. "म्हणजे तो फसवत नाई. तुमचं काय ते समजत नाई, बाप्पा. व्याह्याच्या पंगतीत मले तमाशा नाई पाह्यजे."

बबनराव परतले ते वेगळेच होऊन. शुद्ध तूप घालूनही चोर ठरायचं असेल, तर शुद्ध तूप घालायचं कशाला? चैत्रात ते वर्ध्याला गेले आणि पोत्यात गुंडाळून वनस्पतीचा डबा घेऊन आले. देवकाबाईंनी डब्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि कढईपासून उठून गेल्या. पाटी तशीच होती. पहिल्यांदाच ती खोटी होती, आणि पहिल्यांदाच बबनराव तिच्याकडे पाठ करून बसू लागले.

वैशाखाचं ऊन पेटलं आणि डिप्टीचे केस झडू लागले.

आधी बाकाखाली चार पुंजके दिसले. मग वासुदेवरावांचा काळा कोट पांढरा झाला. मग डिप्टीच्या पाठीवर आणि मांड्यांवर टक्कल दिसू लागलं. गावात बातमी पसरली. लोक येत, वाकून बघत आणि बालुशाही मागवत. अण्णाजींनी टोपी काढून आपलं डोकं पुन्हा सर्वांना दाखवलं. आता त्याला वजन आलं होतं. एकटे वासुदेवराव रडकुंडीला आले होते.

"अहो, माझा कुत्रा आजारी आहे का ते कोणी विचारत नाही! रस्त्यात लोक अभिनंदन करतात!"

प्रभाकरराव स्वतः चालत आले. गालिच्याचं सूत पारखावं तसं त्यांनी डिप्टीचं अंग पारखलं. "बबनराव, माफ करजा. माह्यावर मोतीलालनं भूल पाडली. लाडू तुमीच करा. याच तुपात."

'याच तुपात' ऐकून बबनराव गल्ला सोडून उठले. त्यांनी घरात जाऊन देवकाबाईंना सांगितलं.

"मंग? कोन्त्या तुपात पाडू बुंदी?" देवकाबाई म्हणाल्या.

"पोरीचं लग्न हाये. घरचंच तूप पाह्यजे." बबनरावांनी आवाज उतरवला. "पन घरचं तूप पुन्हा सुरू केलं, अन् त्याचे केस आले तं?"

देवकाबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. ज्या माणसाने शिरडीच्या देवळापासून गिरडच्या दर्ग्यापर्यंत कशावर विश्वास ठेवला नव्हता, तो शेवटी कुत्र्याच्या केसांवर ठेवत होता. वनस्पतीचा डबा उचलून देवकाबाईंनी परसातल्या मोरीत पालथा केला आणि लोणी चुलीवर चढवलं.

लाडू घरच्या तुपाचे झाले. लग्नात व्याह्यांनी मागून मागून खाल्ले. पण बबनरावांची झोप गेली. त्यांनी मुळावरच घाव घालायचं ठरवलं आणि दाराशी नवी पाटी टांगली : 'आत कुत्रे आणू नयेत.'

ती टांगून खाली उतरेपर्यंत अण्णाजी तिच्यासमोर उभे होते.

"काऊन जी? आता काऊन नाई आणू द्यायचा? काय लपवून राह्यले?"

"लपवतो कायले? स्वच्छता, मास्तर."

"इतके दिवस नवती सुचली स्वच्छता?"

मागे आणखी दोघं थांबले. रस्त्यापलीकडे मोतीलाल आपल्या दारात येऊन उभा राहिला. बबनरावांनी पाटी काढून घेतली आणि स्वतः जाऊन वासुदेवरावांना आणि डिप्टीला घरून बोलावून आणलं.

आषाढात एका सकाळी हॉटेल रिकामं असताना बबनराव बाकाखाली वाकले. डिप्टीच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. हाताला कोवळी लव लागली.

दोन दिवसांनी डिप्टी अंगावर झूल घालून हॉटेलात आला. जाड कापडाची, मानेपासून शेपटीपर्यंत, पोटाखाली नाड्यांनी घट्ट बांधलेली. बबनरावांनी स्वतः शिंप्याकडून शिवून भेट दिली होती. पावसाळी हवेत मुकं जनावर गारठू नये म्हणून. वासुदेवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांच्या साहेबालाही कधी कोणी असा कोट दिला नव्हता.

मोतीलाल रस्ता ओलांडून आला. बाकावर बसला. त्याने चहा मागवला, पाटीकडे पाहिलं, मग वाकून झुलीची नाडी बोटाने सहज ओढून पाहिली.

"वा वा," तो म्हणाला. "लई घट्ट बांधली."