बिनमुळाची काडी

गुरुवारी सकाळी दहालाच मठाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. जयसिंगपूरच्या बाहेर, रस्त्याकडेच्या मोकळ्या रानात हा मांडव. दीडशे माणसं मांडी घालून बसलेली आणि बहुतेकांच्या पुढ्यात एकेक कुंडी. कुंडीत बोटाएवढी जाड काडी, काडीच्या शेंड्याला दोन-तीन हिरवी पानं. पंधरा दिवसांपूर्वी ह्याच काड्या सरपणासारख्या दिसत होत्या, हे ज्यानं त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळं हात आपोआप जोडले जात होते.

"बघा, बघा!" पालवी महाराज माइकवर ओरडले. "थोरल्या महाराजांच्या समाधीवरच्या औदुंबराची वाळकी काडी! एक पान न्हाय, एक मूळ न्हाय! मग फुटवा कुणी आणला? श्रद्धेनं आणला! काडीला पालवी आली की रोग्याला पालवी आली समजा. आनि पानाचा आकार बघा. पाच बोटं! हा थोरल्या महाराजांचा आशीर्वादाचा पंजा हाय!"

मीही रांगेत बसले होते. माझ्यापुढची कुंडी सगळ्यात मोठी आणि झाड सगळ्यात तरारलेलं, कमरेइतकं. आजूबाजूच्या बायका वाकून त्याच्या पाया पडत होत्या. मला काही वाटत नव्हतं. रागही नाही. ती कुंडी माझ्या थोरल्या भावाची, पिराजीदादाची. दादाला जाऊन तेवीस दिवस झाले होते.

मी संयोगिता. शिरोळ रस्त्याला माझी रोपवाटिका आहे. दादा कागलच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला होता. दसऱ्यानंतर त्याचा खोकला थांबेना. थुंकी तपासली, टीबी निघाला. सहा महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळत होत्या. तीन महिन्यांत वजन वाढलं, खोकला बसला. तेवढ्यात कुणीतरी त्याला मठात नेलं. काडी मिळाली, पालवी फुटली. "रोग मुळासकट गेला," महाराज म्हणाले, "आता गोळी खाशील तर देवावर अविश्वास." महिन्याभरात ती पानं गळाली. दादा घाबरून कुंडी घेऊन गेला. पडद्यामागं 'मोठ्या कुंडीचा विधी' झाला आणि हे तरारलेलं झाड बाहेर आलं. दादा खूश झाला. मार्चच्या अखेरीला तोंडातून रक्त आलं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

मी रडले नाही. तिसऱ्या आठवड्यात तानाबाईवहिनी कुंडी घेऊन माझ्याकडं आली. "हे घेऊन जावा वन्सं. रोज नवं पान येतंय ह्याला. मला बघवत न्हाय."

सवयीनं मी मातीत बोट घातलं. वर काळी माती, पण चार बोटांखाली मऊ, भुसभुशीत काहीतरी लागलं. कोकोपीट, नारळाच्या काथ्याचा भुसा. मी माझ्या रोपांच्या पिशव्यांत भरते तेच. मग आठवलं. डिसेंबरात मठाचा कारभारी अमरसिंह टेम्पो घेऊन आला होता. "मठात बाग करायची हाय," म्हणून मुळं धरलेली दोनशे अंजिराची रोपं आणि छाटणीतल्या काड्यांचे भारे घेऊन गेला होता. टेम्पोत रोपं मी स्वतः लावून दिली होती.

मांडवात माझ्या शेजारी लालासाबचाचा बसले होते. जयसिंगपुरात शिलाईचं दुकान आहे त्यांचं. बरोबर नऊ वर्षांची नात, अर्शी. तिला लहानपणापासूनचा मधुमेह; रोज इन्सुलिनची सुई. त्यांच्या काडीलाही तीन पानं आली होती.

"पोरीचा रोग गेला!" महाराजांनी जाहीर केलं. "उद्यापास्नं सुई बंद!"

टाळ्या पडल्या. अर्शी हसली. मी उठले.

"महाराज, ही कुंडी पिराजीची."

"वा! झाड बघा मंडळी! कसा हाय आमचा पिराजी?"

"गेला."

टाळ्या थांबल्या. महाराजांनी माइक तोंडाजवळ ओढला. "मनात शंका आली आसंल त्याच्या. शंका आली की..."

"त्याच्या मनात न्हवती. माझ्या मनात हुती. मग मी कशी जगले?"

मी कुंडी आडवी केली, ठोकली आणि झाड उपसून काढलं. काळी माती गळून पडली. आत राहिला तपकिरी, उभट गोळा. पिशवीच्या आकाराचा, आणि त्याला गोल गोल गुंडाळलेली मुळं.

"हे माझ्या रोपवाटिकेतलं रोप हाय. औदुंबर न्हाय, अंजीर. औदुंबराच्या पानाला बोटं नसत्यात, अंजिराच्या असत्यात. दादाची काडी वाळली तवा पडद्याआड ती टाकून दिली आन हे बसवलं."

"आन आमची काडी?" लालासाबचाचा हळूच म्हणाले. "ती तर नजरंसमोर फुटली."

"ओढून बघा चाचा."

त्यांनी दोन बोटांनी काडी धरली. काडी अलगद वर आली. खाली नुसता कापलेला भाग. मुळाचा एक केसही नाही.

"काडीत अन्न साठलेलं असतंय," मी म्हटलं. "ओल लागली की त्या शिदोरीवर पानं फुटत्यात. मूळ धरलं तर जगती, न्हाय धरलं तर वाळती. मी वर्षाला हजारभर लावते. कुणाला काय रोग हाय, हे कुठल्याच काडीला ठावं नसतं."

"हिला भाईर काडा!" अमरसिंह धावून आला. एक म्हातारी माझ्यावर ओरडली, "आमचा आधार कशाला मोडतीस गं?" पण मागच्या चार बायांनी पडदा ओढला. आत माझ्या रोपांच्या काळ्या पिशव्या, ओळीनं.

चाचांनी काडी खाली ठेवली. "चल बेटा. सुई घ्यायची हाय," एवढंच म्हणून अर्शीचा हात धरून ते निघाले.

वहिनीनं आणि मी पोलिसांत तक्रार दिली. चौकशी सुरू आहे. मांडव अजून उभा आहे. गर्दी निम्मी आहे. ही निम्मी कधी कमी होईल, मला सांगता येत नाही.

एक गोष्ट मी मांडवात बोलले नव्हते. दादानं पहिल्यांदा कुंडी दाखवली, तेव्हाच ते पान अंजिराचं आहे हे मी ओळखलं होतं. मी एकदा म्हटलं. तो हसला, आणि मी कामाला वळले.

तुमच्या घरात कुणी चमत्कार घेऊन आलं तर त्याला वेडा म्हणू नका, पण गप्पही बसू नका. काडी उपसून दाखवा. थुंकी, रक्त पुन्हा तपासायला लावा. डॉक्टरनं सांगेपर्यंत एक गोळी, एक सुई चुकू देऊ नका. तो हसेल. तेव्हा दुसऱ्यांदा सांगा.