निघोज्याचा घ

परांचीवरची माणसं कमानीवर कापड ओढत होती. तेवढ्यात निशिगंधानं रस्त्याच्या पलीकडून वर पाहिलं आणि ती जागीच थांबली.

स्टीलची मोठाली अक्षरं उन्हात झळकत होती. तिनं वाचलं, निधोजे. डोळे चोळून पुन्हा वाचलं, तरी निधोजेच.

अक्षरं तिचीच होती. लातूरकडून लग्न होऊन कुरुळीत आलेली निशिगंधा फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर डिझाइन करायची. तेच ते फॉन्ट वापरून कंटाळली, तेव्हा रिकाम्या वेळात तिनं स्वतःची बाराखडी काढायला घेतली. माऊसनं एकेक बिंदू ओढत, एकेक वळण घासूनपुसून अ पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं बसवली. प्रत्येकाच्या डोक्यावरची रेघ एका जागी जराशी तुटलेली, पत्र्याच्या फटीतून उजेड यावा तशी. शेजारच्या निघोज्याच्या पंचायतीचे कोंडीराम दुकानात आले होते, त्यांनी ती पाहिली आणि गावच्या नव्या कमानीसाठी हट्टच धरला. त्यांचा चुलतभाऊ किसन भर बैठकीत म्हणाला होता, "बाहेरच्या बाईचे नखरे कशाला? रेडिमेड अक्षरं लावा की." पण कोंडीराम हटले नाहीत.

मग लेझर कटिंगवाले म्हणाले, एवढी बारीक फट कापताना भरून जाईल. निशिगंधानं सगळी बाराखडी एकदम सिलेक्ट केली आणि एका फटक्यात फटी रुंद केल्या. क बघितला, र बघितला, न बघितला. झकास दिसत होते. घ च्या डोक्यावरची रेघ तुटली की त्याचा ध होतो, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण गावाचं नाव इतक्यांदा वाचून झालं होतं, की डोळ्यांना समोरचं दिसलंच नाही.

उद्घाटनाला येणाऱ्या आमदारांची गाडी चाकणच्या पुढं आल्याचा फोन आला होता. मांडवात बाया येऊन बसायला लागल्या होत्या. गप्प बसावं का? कापड पडलं की टाळ्या वाजतील, टाळ्यांच्या गडबडीत कोण वाचत बसतंय! पण वाचणारा एक निघाला तरी पुरे. फोटो गावोगाव फिरेल, आणि नाक कापलं जाईल ते कोंडीरामांचं. ती रस्ता ओलांडून कोंडीरामांकडं गेली.

"काका, कापड थांबवा. घ चुकलाय. माझ्याच हातनं."

कोंडीरामांनी वर पाहिलं. चेहऱ्यावरचा रंग उतरला. "आरं देवा! आता गं पोरी? आता?"

"वर पट्टी जोडली की घ होईल. वेल्डिंग पाहिजे."

जवळपास वेल्डिंगचं मशीन होतं ते एकाच शेडमध्ये, आणि ती शेड किसनची. कोंडीराम तोंड फिरवून म्हणाले, "मी न्हाई जाणार त्याच्या दारात. तू जा."

किसन शेडमध्ये ग्रिल घासत होता. तिचं बोलणं ऐकून त्यानं ग्राइंडर बंद केला. "काय म्हन्लीस? मोठ्यानं बोल."

मागची माणसं काम सोडून बघायला लागली. निशिगंधानं आवाज चढवला. "किसनदादा, मी काढलेला घ चुकला. गावाचं नाव चुकीचं लागलंय. तुम्ही आलात तरच नीट होईल."

किसननं तिच्याकडं रोखून पाहिलं. हसेल, हाकलून देईल, काहीही करेल, असं तिला वाटत होतं. त्यानं स्टीलची पट्टी उचलली. "मापं सांग. पटापट."

परांचीवर ठिणग्या उडाल्या, तेव्हा लांबून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. निशिगंधा खाली उभी राहून ओरडत होती, "वर घ्या... अजून थोडी... बास!" किसननं घासायला ग्राइंडर लावला आणि गाडी वळणावर दिसली. तो खाली उतरला, कापड वर गेलं, आणि आमदार मांडवात शिरले.

कापड पडलं. निघोजे. जोडावर निळसर डाग राहिला होता, पण घ आता घ च होता. टाळ्या झाल्या. निशिगंधाचा जीव भांड्यात पडतोय, तोच किसननं माइक हातात घेतला.

"ही कमान सकाळपतुर निधोज्याची व्हती," तो म्हणाला. कोंडीरामांनी मान खाली घातली. निशिगंधाला वाटलं, उठून चालू पडावं. "या पोरीनं घ मधी फट ठिवली. आन् मग आपल्या पायानं येऊन चूक सांगितली. न्हाई सांगितली आसती, तर आपून समदे आज गाव बदलून बसलो आसतो."

आधी मागच्या रांगेतल्या बाया हसल्या, मग सगळा मांडव. निशिगंधाला हसू येईना आणि रडूही येईना. ती उभी राहिली, हात जोडले आणि खाली बसली.

जेवणाच्या पंगतीत कोंडीराम तिच्यासमोरून दोनदा गेले. तिसऱ्यांदा आले ते बुंदीचं ताट घेऊन. तिच्या पत्रावळीत मूठभर बुंदी टाकली आणि तिच्याकडं न बघताच म्हणाले, "म्होरल्या बारीला आदी मला वाचून दावायचं."

ते पुढं गेले. निशिगंधानं घास तोंडात घातला. मग कमानीकडं बघून नाव पुन्हा एकदा वाचलं.