पीठ चाळले, राखही चाळली

ज्याने अन्नाची सेवा केली, त्याला हलके काम सांगावे की नाही, हा प्रश्न सेवा घेणाऱ्याला पडतो. सेवकाला तो क्वचितच पडतो. सेवकाला भय असते ते विस्मरणात जाण्याचे. मित्रांनो, मी एक जुनी पिठाची चाळण आहे आणि हे स्वानुभवाने सांगते.

अजलूनच्या डोंगरातील एका गावी फिरत्या कारागिराने मला घडवले. जर्दाळूच्या लाकडाचे कडे वाकवून त्यात त्याने घोड्याच्या केसांची दाट जाळी विणली. ज्या घरी मी आले, त्या घरची सुबहिय्या तेव्हा नवी सून होती. तीस वर्षे मी तिचे पीठ चाळले. त्या घरात भाकरीचा तुकडा जमिनीवर पडला, तर तो उचलून ओठांना व कपाळाला लावीत आणि उंच जागी ठेवीत. त्या मानातला वाटा मलाही मिळाला. मला कधी कोणी पायाने सारले नाही. पुढे गिरणीचे तयार पीठ आले आणि मी खिळ्यावर गेले. माझा अपमान कोणी केला नाही. माझ्याकडे कोणी पाहिलेच नाही.

यंदाच्या वसंतात सुबहिय्याने परसात फक्कूस पेरली. फक्कूस म्हणजे रेघांची, लांब, वाकडी काकडी. बी तिच्या आईकडून आलेले. गेल्या उन्हाळ्यात वेल वाळून गेले व एकही फळ बियांसाठी पिकले नाही. म्हणून बरणीतले शेवटचे बी तिने ‘बिस्मिल्ला’ म्हणत मातीत घातले. रोपे दोन पानांची झाली आणि तांबडे भुंगेरे उतरले. चार दिवसांत एकवीस रोपांची नऊ उरली. तीही गेली असती, तर आईचे बी कायमचे संपले असते.

उपाय सर्वांना ठाऊक होता: ताबूनची, म्हणजे भाकरीच्या मातीच्या भट्टीची, राख. सुबहिय्याची सून मैसून हिने ती घाईने मुठीमुठीने फेकली. राखेत निखारे होते. दोन रोपांचे शेंडे करपले.

कुंपणापलीकडून शेजारीण उम्म रातिब म्हणाली, “अगं मैसून, काकडी आधी पिकवायची, मग भाजायची!”

“हसा, मावशी, हसा! राख चाळायला बाजारातून चाळण आणली, तर तिच्या भोकांतून चणे गळतील.” मग मैसून सासूकडे वळली. “आत्याबाई, ती खिळ्यावरची द्या ना.”

“पिठाच्या चाळणीत राख? माझी सासू कबरीतून उठून कानाखाली देईल!”

“मग पुढच्या वर्षीचं बीसुद्धा त्यांच्याकडेच मागा.”

सुबहिय्या ताबूनपाशी गेली, तिने झाकण उचलले. नेहमीप्रमाणे थोडी राख भाकरीवर उडाली. तिने फुंकर मारली, घास तोंडात घातला आणि चावता चावता थबकली.

“पोरी, इकडे ये. ही राख मी जन्मभर फुंकून खातेय. भाकरीला चालते, तर चाळणीनंच काय पाप केलंय?”

“हेच मी सकाळपासून—”

“शहाणपणा पुरे! खिळा उंच आहे, तूच काढ.”

दुसऱ्या दिवशी पहाटे, पाने दवाने ओली असतानाच, दोघी वाफ्यात बसल्या. गार झालेली राख माझ्यातून पिठासारखी झरली. सुबहिय्या एकेक पान हलकेच उलटवी, मैसून माझ्या कड्यावर बोटांनी टकटक करी. पानाच्या दोन्ही बाजूंना राखेचा पातळ थर बसला. दव पडेल त्या प्रत्येक पहाटे असे चालले. हळूहळू भुंगेरे दूर झाले. सात रोपे वाढली, फुलली.

पहिल्या फळाला सुबहिय्याने लाल दोरा बांधला: हे बियांचे, कोणी तोडायचे नाही. उम्म रातिब तर कुंपणावरून त्याची राखण करी. फळ पिवळे झाले, फोडले, बी धुतले आणि वाळवायला माझ्याच जाळीवर पसरले. मित्रांनो, पीठ माझ्यातून गळून गेले, राखही गेली. हे बी तेवढे माझ्याजवळ राहिले. त्या दिवसाचे ऋण मी विसरणार नाही.

तुमच्या घरीही एखादी वस्तू खिळ्यावर टांगलेली असेल. मानाने ठेवली असेल, तरी एकदा तिला खाली घ्या, पुसा आणि काम सांगा.

सुबहिय्याचे हात निरोगी राहोत. मैसूनच्या ओटीत हे बी दरवर्षी पडो. आणि ते भुंगेरे, तेही जीवच आहेत, त्यांना रानात कुठे तरी त्यांचे पान मिळो.