मूर्तींचं पोतं

दयारामनं मशीन बंद केलं, पात्यांत अडकलेली दोरी ओढून काढली आणि मागे न बघताच हात लांबवला. तानुबाई पोतं घेऊन उभी आहे, हे त्याला ठाऊक होतं.

शेगावच्या कचरा शेडमध्ये तानुबाई आणि इतर बायका बाटल्या, डबे, फुटक्या बादल्या निवडत आणि दयाराम त्यांचा चुरा करी. पण प्लास्टिकच्या मूर्ती आल्या की सगळ्यांचे हात आखडत. गेल्या साली तानुबाईनं हळदकुंकू वाहून त्या नदीत सोडल्या. प्लास्टिकच ते, बुडतंय कशाला! सगळे देव पुलाखाली अडकले आणि सफाईच्या ट्रॅक्टरमधून पुन्हा शेडात हजर झाले. तेव्हापासून मूर्तींचा चुरा करायचं काम एकट्या दयारामच्या गळ्यात पडलं.

"तुमच्यात कुठी देव मानतात? तुले कायचं पाप?" तानुबाई तेव्हा म्हणाली होती.

तिच्या मनात खोट नव्हती, हेच अवघड होतं. खोट असती तर भांडता तरी आलं असतं. मेलेलं ढोर ओढायला त्याच्या आज्यालाही गावात अशाच गोडीनं हाक मारत. त्या गोडीचा दयारामला वीट आला होता, पण नाही म्हणायचं त्राणही आता उरलं नव्हतं.

त्यानं पोतं उपडं केलं. एक लक्ष्मी, दोन गणपती आणि त्यांच्याखाली बुद्ध. गाडीत काचेपुढे ठेवतात तेवढासा, रंग उडालेला. दयारामनं तो उचलला आणि तसाच उभा राहिला.

"काऊन थांबला?"

तानुबाई जवळ आली. तिनं त्याच्या हातातलं पाहिलं आणि पदराला हात पुसले.

"आण इकडे," ती म्हणाली. "मी टाकतो."

इतके दिवस त्याला हेच तर हवं होतं, कुणीतरी हे काम हातातून काढून घ्यावं. पण आता ते सोसवेना.

"राहू द्या, काकू. टाकाचाच हाय, तं माह्या हातानं जाऊ द्या."

त्यानं मूर्तीपुढे हात जोडले, मशीन सुरू केलं आणि ती आत सोडली. कडकड वाजलं आणि थांबलं. बाटलीतलं पाणी पिऊन तो पुढची मूर्ती घ्यायला वाकला, तर लक्ष्मी जागेवर नव्हती.

ती तानुबाईच्या हातात होती. तिनं ती कपाळाला लावली.

"सरक जरा," मशीनपुढे येत ती म्हणाली.