गाऱ्हाण्यातलं नाव

माझ्या सासऱ्यांना मी कधी पाहिलं नाही. आमचं लग्न ठरायच्या आधीच एका सकाळी ते नळाचा वॉशर आणायला खाली उतरले आणि परत आले नाहीत. पोलीस, इस्पितळं, गावचे देव, सगळं करून झालं. चष्मा घरातच होता. भांडण नव्हतं, आजार नव्हता. विक्रोळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले चंद्रप्रकाश नावाचे फिटर भांडुपच्या बाजारात शिरले, एवढंच लोक सांगतात.

नितेशने, माझ्या नवऱ्याने, पुढे तो नळ दुरुस्त केला तेव्हा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याच्यावर चिडल्या होत्या. "आता ते येवन काय करतले?"

ते खाली उतरले त्या सकाळपासून आमच्या घराला कुलूप लागत नाही. मी बाहेर पडले तर आई थांबतात. आमच्या लग्नातही शेजारच्या शकुमावशीला दारात बसवून त्या आल्या, अक्षता टाकल्या आणि परत गेल्या. ते आले आणि दाराला कुलूप दिसलं तर, असं पूर्वी म्हणायच्या. आता नुसत्या थांबतात. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. सासऱ्यांचा फोटो कपाटात, साड्यांच्या घडीत. भिंतीवर लावला की कुणीतरी हार आणील.

गावी जायचं नाही, म्हणून गणपती भांडुपलाच, दीड दिवसाचा. सासऱ्यांचे धाकटे भाऊ मधुकरकाका येतात आणि विसर्जनाआधी हातात नारळ घेऊन देवाला गाऱ्हाणं घालतात. प्रत्येक मागणीला आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतो. त्यात दरवर्षी एक वाक्य असतं: "माझो भाव जंय असात थंयसून सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!" भावाला घरी आण, या मागणीला आईंचा आवाज सगळ्यांत मोठा.

यंदा काकांनी जेवतानाच विषय काढला. सात वर्षं उलटली की कायदाही माणूस गेला असं धरतो. देह नसला तरी दर्भाचा पुतळा करून विधी करता येतो, भटजींना विचारलंय.

"वयनी, पितृपक्षात सगळ्यांच्या नावान पान वाढतंत. माझ्या भावाचा पान नाय. जितो म्हणून नाय, मेलो म्हणूनय नाय. तो उपाशीच."

आई मोदकावर तूप वाढत होत्या. "तुमका आणखी एक वाढू?"

"मी काय इचारतंय?"

"तुमी काय ता करा. माका इचारू नका."

स्वयंपाकघरात मी नितेशला म्हटलं, "आत्ताच कशाला रे? सणाचं?"

"मग कधी? मी अजून बाबांसाठी रडलोच नाहीये यार," तो हळू म्हणाला. "डोळ्यांत पाणी आलं की आई म्हणते, अपशकुन करू नको."

अनय कडेवरून त्याच्या चष्म्याला हात घालत होता. आमच्या लेकाचे कान आजोबांसारखे आहेत म्हणतात.

संध्याकाळी उत्तरपूजा झाली. काका नारळ घेऊन उभे राहिले. सेवा गोड मानून घे, चुकलंमाकलं पदरात घे, नोकरीधंद्यात यश दे. व्हय म्हाराजा. मग ते वाक्य यायचं, ते आलं नाही. काका थेट पोराबाळांच्या आयुष्यावर गेले. आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं. आई गप्प.

"भावजी," त्या म्हणाल्या, "एक रवला."

काकांनी नारळ खाली घेतला. नितेश माझ्याकडे बघायला लागला.

"वयनी, मी काय म्हणू? तूच सांग."

आई मूर्तीकडेच बघत होत्या. अनयने दूर्वांची जुडी ओढली, ती मी त्याच्या मुठीतून सोडवली. मग म्हणाल्या, "म्हणा, जंय असात थंय तेका सुखी ठेव."

काका थांबले. "आणि घराक..."

"इतक्याच."

काकांनी नारळ परत उचलला. "माझो भाव..." म्हणाले. खाकरून त्यांनी वाक्य पुरं केलं. व्हय म्हाराजा. आईंचा आवाज यंदा मोठा नव्हता, आमच्यातच मिसळून गेला. नितेशने चष्मा काढला आणि मूर्ती उचलायच्या निमित्ताने पाठ फिरवली. आईंनी ते पाहिलं.

विसर्जनाला निघताना मी नेहमीच्या हिशेबाने म्हटलं, "अनयला झोप आलीय, मीही थांबते तुमच्याबरोबर."

"झोपात तो तुझ्या खांद्यार. माका कुलूप दी."

कुलूप सापडायलाच वेळ गेला. माळ्यावरच्या डब्यात होतं, किल्ली त्यातच गंजलेली. ती फिरेना. काकांनी देवापुढच्या समईतलं तेल बोटाने आत सोडलं. आईंनी स्वतः कुलूप लावलं, ओढून पाहिलं, परत एकदा ओढलं, आणि किल्ली शकुमावशीच्या हातात दिली.

"शकु, घरातच आसस मा? कोण इलो तर दी."

"कोण येतला गो आता?" असं मावशींच्या तोंडावर आलेलं मला दिसलं. त्यांनी गिळलं. "दितंय," म्हणाल्या.

खाली पोरांनी मोरयाचा गजर सुरू केला. जिन्यात आई काकांच्या मागे दोन पायऱ्यांवर होत्या.

"भावजी, त्या भटाक सांगा. पान मी वाढतलंय, दुसऱ्या कोणाक हात लावूक दिवचंय नाय."

"बरा."

"आणि सोलकढीत मिरची घालूची नाय. तेंका खपत नाय."